बाबांच्या साईड ड्रमचा खटका

माझी बायको स्मिता तुमचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर मोठ्याने वाचते आणि मी हसतो, असा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा कार्यक्रम आहे. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या घरात नळ आपोआप सुरू होतो… मी म्हणायचो, वॉशर गेला असेल, बदला. तळोज्याच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. ऑपरेटर येऊन सांगतो, "साहेब, मशीनमध्ये काहीतरी बसलंय, आपोआप बंद पडते." उघडून बघितलं की झिजलेली स्प्रिंग निघते. सव्वीस वर्षांत एकदाही भूत निघालं नाही.

तर आज मीच लिहायला बसलोय आणि हसायची पाळी स्मिताची आहे. हसू दे. मला कुणाला घाबरवायचं नाही. मला आभार मानायचेत, आणि नक्की कुणाचे मानायचे तेच कळत नाहीये… म्हणून इथे लिहितोय.

आम्ही पनवेलला राहतो, वडाळे तलावापासून चालत पाच मिनिटं. तळमजल्याचं घर आहे आणि मागे पत्रा टाकलेली छोटी पडवी. घरात मी, स्मिता, मुलगी ऋतू आणि आई. आमचं मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. दिवसा शेती आणि मिठागर, आणि लग्नसराईत बॅन्जो पार्टीत ड्रम — हा बाबांचा दिनक्रम. आमच्या आगरी लोकांत हळद म्हणजे काय ते रायगडकरांना सांगायला नको. लग्नाला एखादा पाहुणा चुकेल, हळदीला नाही. त्या काळी पंचक्रोशीतल्या निम्म्या हळदींना बाबांची पार्टी असायची.

मला मात्र त्याची लाज वाटायची. खरं तेच लिहितो. आयटीआयला होतो तेव्हा मित्रांना सांगायचो की वडील शेतकरी आहेत. ड्रमचं नाव काढायचो नाही. बाबा वाजवत असताना त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, असं मला एकदाही आठवत नाही. पुढे डीजे आले, पार्टी मोडली आणि ड्रमसेट बेलपाड्याला आत्याच्या माळ्यावर गेला. कुणी परत विचारलंही नाही.

यंदा आत्याचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहायची होती. आत्याचा फोन आला, "तुझ्या बापाचा पसारा ने, नायतर भंगारवाल्याला देते." त्याच आठवड्यात ऋतूचं लग्न ठरलं होतं. तिने हट्ट धरला. "पप्पा, माझ्या हळदीला डीजे नको. आजोबांचा ड्रम वाजला पाहिजे." म्हटलं, बरं. टेम्पो करून सगळं पडवीत आणून टाकलं.

अवस्था बघण्यासारखी होती… म्हणजे बघवत नव्हती. लाल चमकीचं प्लॅस्टिक मढवलेले ड्रम, पण चमकी धुळीखाली गेलेली. खाडीच्या हवेने क्रोमच्या कड्या तांबूस पडलेल्या. बेस ड्रमचं एक कातडं उंदरांनी खाल्लेलं. पहिली पाळी करून मी तीनला घरी यायचो आणि अंधार पडेपर्यंत पडवीत बसायचो. प्रत्येक बोल्ट काढून रॉकेलमध्ये टाकला, कड्या व्हिनेगरमध्ये भिजवून अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घासल्या. लाल प्लॅस्टिकला नुसतं साबणाचं पाणी आणि बनियनचं फडकं… तिसऱ्या दिवशी चमकी वर आली तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

बेस ड्रम उघडला तर आत, आवाज दाबायला, एक हिरवी नऊवारी कोंबलेली. आई दारात उभी होती. तिने साडीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाली, "बघ मेल्याचं काम! ही साडी मी सगल्या घरात हुडकली होती. माझ्या भैनीवर चोरीचा आल घेतला होता मी." आणि मग ती साडी छातीशी धरून आत गेली. सासरी आल्यावरची ती तिची पहिली साडी होती, हे मला नंतर कळलं.

आई त्र्याहत्तर वर्षांची. दुसऱ्या दिवशी तिने झांजा मागून घेतल्या. मी सांगत होतो, आई, यूट्यूबवर म्हणतात की जुन्या झांजा घासायच्या नसतात, आवाज बदलतो. ती म्हणाली, "यूट्यूबच्या आईने कवा पितल घासलंय?" चिंच आणि मीठ घेऊन बसली. मधूनच हात थांबवायची, पदराने गळा पुसायची. म्हणायची, "गरमी केवरी झालीय." मार्चचा महिना होता. गरम होतंच होतं.

आता मुख्य गोष्ट. सेटमध्ये जो छोटा, कडक आवाजाचा ड्रम असतो त्याला आमच्याकडे साईड ड्रम म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूला बारीक, पिळलेल्या तारांची एक पट्टी असते आणि कडेला एक खटका. खटका वर केला की तारा खालच्या कातड्याला चिकटतात आणि ड्रम 'चर्र' असा कडक वाजतो. खटका खाली केला की तारा सुटतात, आणि मग नुसता 'ढब' असा मऊ आवाज येतो. हळदीत नाचायला पाय उचलतात ते त्या 'चर्र'वर.

सेट जोडून झाला, नवी कातडी ताणली, खटका वर केला. दोन काठ्या मारल्या. काय आवाज! शेजारच्या गॅलरीतून टाळ्या आल्या. खटका तसाच वर ठेवून मी जेवायला गेलो.

सकाळी बघतो तर खटका खाली.

काही वाटलं नाही. जुनी वस्तू आहे, आतला कॅम, म्हणजे खटका अडकवून धरणारी चकती, झिजला असणार. परत वर केला आणि कामावर गेलो. तीनला आलो तर पुन्हा खाली. मग मी खटका उघडला. कॅम खरंच झिजला होता. कंपनीतल्या लेथवर नवा कॅम केला, स्प्रिंग बदलली. खटका वर करून त्याला दोन किलोचा हातोडा टांगला, हलला नाही. अर्धा तास ड्रम बडवला तरी हलला नाही. म्हटलं, संपला विषय.

सकाळी खाली.

मग मी इरेला पेटलो. पडवीतल्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करायला लागलो. नऊ दिवसांत नऊ वेळा खटका पडला होता. उंदीर म्हणावं तर खटका असा घट्ट की मलाच अंगठा लावून दाबावा लागतो. कंपनीत आमच्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला व्हायब्रेशन. अहो पण वाजवतंय कोण?

आईला सांगितलं तर म्हणाली, "र्‍हाऊ दे ना खाली. तसाच वाजव."

"तसा कसा वाजवू? मजाच नाही त्यात."

"तुझ्या बापाला चालायचा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

दहाव्या दिवशी आई मोरा बंदराला मावशीकडे गेली, लग्नाचं आमंत्रण द्यायला. दोन दिवस राहिली. आणि त्या दोन दिवसांत खटका जागचा हलला नाही. सकाळी वर, दुपारी वर, रात्री झोपताना वर. मी खुश. आई तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली.

सकाळी खटका खाली.

आता सांगा, तुम्ही काय अर्थ काढला असता? मी फिटर माणूस. एक पार्ट काढल्यावर बिघाड बंद होतो आणि तो बसवल्यावर परत सुरू होतो, म्हणजे बिघाड त्या पार्टमध्ये. सरळ हिशोब. आईला आवाज सहन होत नाही आणि नातीसमोर बोलवत नाही, म्हणून गुपचूप खटका पाडते. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नको ते बोललो. म्हणालो, "आवडत नसेल तर तोंडाने सांग. चोरून कशाला? एवढा जीव ओततोय मी त्यात."

आई भाकरी थापत होती. तिने हात धुतले. "तुझ्या बापाच्या त्या ड्रमला मी कंदी हात लावला नाय," ती म्हणाली. "झांजा घासल्या त्या तू दिल्यास म्हनून. बाकी कशाला हात लावला नाय. नाय म्हंजे नाय." आणि आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली. जेवली नाही. स्मिता मला म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का?" मी घुश्श्यातच होतो. त्या बोलण्याची आज आठवण आली तरी मान खाली जाते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी जनाकाका आले. जनाकाका म्हणजे बाबांच्या पार्टीचे बॅन्जोवाले. वय सत्तरच्या पुढे, उलव्याला मुलाकडे असतात. हळदीला बॅन्जो तेच वाजवणार होते, म्हणून म्हटलं एकदा ड्रम ऐकून जा. काकांनी आल्या आल्या लाल चमकीवरून हात फिरवला. डोळे पुसले. मग स्टुलावर बसले, खटका वर आहे ना बघितलं आणि दोन्ही काठ्यांनी बाबांची ती जुनी चाल धरली. आम्ही सगळे पडवीत उभे होतो… मी, स्मिता, ऋतू. ऋतू तर नाचायलाच लागली.

मी काकांच्या अगदी शेजारी होतो. त्यांच्या दोन्ही काठ्या हवेत होत्या. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली, उंबऱ्यावरून एक पाऊल पडवीत टाकलं… आणि टक्.

खटका खाली पडला. माझ्या डोळ्यांदेखत. कुणाचा हात नाही, कुणाचा पाय नाही. काकांच्या काठ्या खाली आल्या आणि ड्रम 'ढब' वाजला.

ऋतू नाचायची थांबली. काका मात्र घाबरले नाहीत. त्यांनी खटक्याकडे बघितलं, मग वर मान करून आईकडे. काठ्या जमिनीवर ठेवल्या. आणि ज्या आवाजात आपण मयताच्या घरी बोलतो त्या आवाजात म्हणाले, "वैनी… तुमाला कवापासून बरं नाय?"

"काय बी नाय, भावजी. चहा घ्या," आई म्हणाली. ट्रेमधल्या कपबशा वाजत होत्या.

काका माझ्याकडे वळले. "नित्या, तुला ठाव नाय? मयताच्या घरासमोर पार्टी बंद होते, ती रीत सगल्यांचीच. पन तुझा बापूस आजारी मानसाला बी मान द्यायचा. हळदीच्या दिवशी आजूबाजूच्या घरात स्वता जायचा, विचारायचा… कोन आजारी हाय का, कोन बालंतीन हाय का. आसला तर तार खाली. वरात त्या घरासमोरून जाईपर्यंत तार खाली. आमी वैतागायचो, नाचनारी पोरं शिव्या घालायची. तो आयकायचा नाय. म्हनायचा, त्या खाटंवरच्या मानसाच्या छातीत वाजतो हा ड्रम."

पन्नाशीला आलो आणि माझ्या बापाची ही गोष्ट मला परक्याच्या तोंडून कळत होती. कळणार कशी? मी जवळ उभा राहिलोच कधी?

स्मिताने आईच्या हातातला ट्रे घेतला. आई पडवीच्या पायरीवर खाली बसली. तीन आठवडे तिच्या छातीत दुखत होतं. डाव्या हातात कळ यायची, जबड्यापर्यंत चढायची. मोऱ्याला जेट्टीपासून मावशीच्या घरापर्यंत जाताना चार वेळा थांबली होती. आम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हॉस्पिटल आणि मग ऋतूची हळद पुढे गेली असती.

"आई, मग मी विचारलं तेव्हा…" मी म्हणालो.

"मना पैल्याच दिवशी कललं होतं," आई म्हणाली. "खटका पडला तवाच. रोज सकाली येऊन मी त्यांना सांगत होते, गप र्‍हावा, पोरीची हळद होऊ द्या, मग बघू. आयुष्यभर माझं आयकलं नाय, आता काय आयकनार?"

ती रागावून बोलत होती आणि रडत होती. मी तिचे पाय धरले. त्यात माफी मागणं होतं, भीती होती, सगळंच होतं. मग रिक्षा, हॉस्पिटल, ईसीजी. त्याच दुपारी अ‍ॅन्जिओग्राफी. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून कॉम्प्युटरवर एक काळी रेघ दाखवली, मधे केसाएवढी बारीक झालेली. म्हणाले, "मुख्य रक्तवाहिनी आहे. आणखी आठवडाभर काढला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. तुमच्या लक्षात कसं आलं? त्या तर अजूनही म्हणतायत की गॅस झालाय." काय सांगणार? म्हटलं, घरातल्या जुन्या माणसाने ओळखलं. खोटं नव्हतं ते.

स्टेंट बसला. पाचव्या दिवशी आई घरी आली. हळदीला अजून तीन आठवडे होते आणि डॉक्टरांनी, दगदग करायची नाही, या अटीवर परवानगी दिली.

पण खटका खालीच होता. त्या रविवारी पडला तसाच. आणि खरं सांगतो, तो वर करायची माझी हिंमत होईना. रोज पडवीत जायचो, अंगठा खटक्याखाली न्यायचो आणि परत यायचो. वर केला आणि परत पडला तर? मग मी काय करणार होतो? डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला होता, पण माझा त्या रिपोर्टपेक्षा खटक्यावर जास्त विश्वास बसला होता. सव्वीस वर्षांचा फिटर आणि ही त्याची दशा!

हळदीच्या दिवशी सकाळी मी एकच काम केलं. बाबा करायचे ते. आमच्या लाईनीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि विचारलं, कुणी आजारी आहे का, ड्रम वाजवला तर चालेल ना? लोकांनी आश्चर्याने बघितलं. कोपऱ्यावरच्या घरातली एक बाई म्हणाली, "आजवर इतकी लग्नं झाली, असं विचारायला कुणी आलं नव्हतं."

दुपारी चारला अंगणात मांडव भरला. पाहुणे आले, जनाकाका बॅन्जो जुळवून बसले, ड्रमवर त्यांचा भाचा बसला. त्याने विचारलं, "मामा, तार वर करू ना?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खटक्याकडे.

तेवढ्यात मागून आई आली. ऋतूचा हात धरून, सावकाश. अंगावर ती हिरवी नऊवारी. धुऊन, उंदरांनी खाल्लेल्या ठिकाणी रफू करून नेसली होती. कुणाला काही न विचारता ड्रमपाशी आली. ज्या ड्रमला कधी हात लावला नव्हता, त्याच्या खटक्याखाली तिने अंगठा घातला. "आवो," ती हळूच म्हणाली, "आता बरी हाय मी. पोरीला नाचू द्या."

आणि खटका वर केला.

मी खटक्यावर नजर लावून उभा होतो. काकाही. आई तिथेच, ड्रमला टेकून उभी राहिली. हटली नाही. काकांनी मान हलवली, भाच्याने काठी मारली…

चर्र!

मांडवात एकच ओरडा झाला. ऋतू, माझ्या बहिणी, मोऱ्याची मावशी, सगळ्या उठल्या. आणि मी, ज्याला या ड्रमची लाज वाटायची तो मी, आईच्या शेजारी, ड्रमच्या अगदी जवळ उभा राहून हळद संपेपर्यंत ऐकत होतो. खटका पडला नाही.

लग्नानंतर मी तो खटका पुन्हा पूर्ण उघडला. कॅम मोजला, स्प्रिंग मोजली, भिंगाखाली धरून बघितली. कसलाही दोष नाही. इंजिनिअर अजून व्हायब्रेशनच म्हणतो. स्मिता म्हणते, बाबा होते. मला विचाराल तर मला माहीत नाही. खटका माझ्यासमोर पडला हे खरं, आई आज बसून माझ्याशी भांडते हेही खरं. मधलं काय ते मला सांगता येत नाही. पण ज्याने कुणी केलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आणि ते बाबाच असतील तर… बाबा, उशीर झाला, पण ऐकलं मी.

ड्रम अजून पडवीत आहे, तार वर. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी पडवीत जातो आणि खटक्याकडे बघतो. वर असतो. मग आत हाक मारतो, "आई?"

आतून आवाज येतो, "काय रं?"

"काय नाय," मी म्हणतो, आणि चहा ठेवतो.